वेठीला धरलेला शिमोन
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

दरवर्षी उत्तम शुक्रवारी, म्हणजे कॅलेंडरात ज्याला 'गुड फ्रायडे' असे छापलेले असते त्या दिवशी, आमच्या चर्चच्या मैदानावर माझे वडील एक जड लाकडी क्रूस खांद्यावर घेतात. ते नट नाहीत. चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करणारे साधे कामगार आहेत. नाटकात त्यांना एकही वाक्य नाही. शेतावरून घराकडे निघालेला शिमोन नावाचा माणूस वाटेत उभा असतो. रोमन शिपाई त्याला मानेला धरून पुढे ओढतात आणि चालून चालून कोसळलेल्या येशूचा क्रूस त्याच्या खांद्यावर लादतात. तो मुकाट्याने चालू लागतो. एवढेच त्यांचे काम. एका वर्षी त्यांना रजा मिळाली नव्हती, तेव्हा रात्रपाळी करून ते झोप न घेता तसेच मैदानावर आले होते. त्या दिवशी ते क्रूसासकट अडखळले आणि लोक म्हणाले, "काय अभिनय केला!" घरी आल्यावर बाबा नुसते हसले.

मागच्या वर्षी माझ्या वर्गातील एक मैत्रीण हा खेळ पाहायला आली होती. तिला तो आवडला. जाताना ती म्हणाली, "छान झालं गं, पण हे सगळं परदेशातून आलेलं ना? आपलं नाही वाटत." तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता हे मला ठाऊक आहे, पण मला उत्तर देता आले नाही. त्यातच या वर्षी मंडळाने ठरवले की नाटकाची जुनी संहिता फार जड झाली आहे, ती नव्याने लिहावी, आणि "तू मराठी घेऊन बी. ए. करतेस ना?" असे म्हणून ते काम माझ्या गळ्यात घातले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. घरच्यांना वाटते, मराठी विषय घेतलेल्या मुलीला सगळे लिहिता येते. लिहिण्यापूर्वी हा खेळ आला कुठून, हे समजून घ्यावे म्हणून ग्रंथालयात बसले. जे सापडले ते वाचकांपुढे ठेवते.

प्रथम नावाविषयी. इंग्रजीत याला 'पॅशन प्ले' म्हणतात. हा 'पॅशन' आपल्या नेहमीच्या अर्थाचा नव्हे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ दुःख भोगणे. मराठी ख्रिस्ती माणसे त्याला 'दुःखसहन' म्हणतात, आणि मला तो शब्द इंग्रजीपेक्षा अधिक स्वच्छ वाटतो. ईस्टरपूर्वी चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्याचा शेवटचा आठवडा झावळ्यांच्या रविवारी सुरू होतो. गुरुवारी येशूचे शेवटचे भोजन, शुक्रवारी क्रूसावरील मरण आणि शनिवारच्या रात्री पुनरुत्थानाचा जागर. ईस्टरचा रविवार चंद्रावरून ठरतो; वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणारा रविवार तो धरतात. त्यामुळे उत्तम शुक्रवारच्या रात्री आकाशात चंद्र बहुधा मोठा असतो. आमच्या मैदानावरचे दिवे गेले तरी काम अडत नाही, त्याचे कारण हे.

या आठवड्याच्या उपासनेतच नाटकाचे बीज आहे. इतर रविवारी शुभवर्तमान एकटे धर्मगुरू वाचतात. परंतु झावळ्यांच्या रविवारी आणि उत्तम शुक्रवारी दुःखसहनाचा वृत्तान्त वाटून वाचतात. एक जण निवेदक होतो, येशूची वाक्ये धर्मगुरू वाचतात आणि पेत्र, पिलात, दासी, शिपाई यांची वाक्ये तिसरा वाचतो. मध्ययुगात युरोपात हे तीन धर्मसेवक गाऊन म्हणत. येशूचा स्वर खालचा, निवेदकाचा मधला आणि बाकीच्यांचा उंच. तीन माणसे तीन आवाजांत एक गोष्ट सांगू लागली म्हणजे नाटक दूर राहत नाही. पुढे कोणी अंगावर झगा चढवला, कोणी हातात भाला घेतला आणि खेळ देवळातून चौकात आला. फ्रान्सिस्कन संन्याशांनी 'क्रूसाची वाट' ही भक्ती गावोगाव पोहोचवली. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी तिचे चौदा टप्पे कायम केले. आमचा मैदानावरचा खेळ खरे पाहता याच चौदा टप्प्यांवर बेतलेला आहे.

वाटून वाचण्याच्या या पद्धतीत एक गोष्ट फार विलक्षण आहे. जमावाची वाक्ये चर्चमध्ये बसलेल्या सर्व लोकांनी म्हणायची असतात. पिलात विचारतो, या माणसाचे काय करू? तेव्हा 'त्याला क्रूसावर चढव' असे ओरडायचे ते आम्हीच. लहानपणी मला ते ओरडायला मजा वाटे. माझी आजी मात्र त्या वेळी तोंड मिटून बसायची. एकदा मी तिला कोपराने ढोसले, तर ती म्हणाली, "मी नाही म्हणायची. त्याला मारा म्हणून सांगणारी मी कोण?" संहिता लिहायला बसल्यापासून मला आजीचे हे वाक्य सारखे आठवते आहे.

दुःखसहनाच्या नाटकांत जगात सर्वांत प्रसिद्ध गाव म्हणजे जर्मनीतील ओबरामरगाऊ. बव्हेरियाच्या डोंगरांत वसलेले हे गाव आजही पाच हजारांच्या आसपास वस्तीचे आहे. १६३३ मध्ये, तीस वर्षांच्या युद्धाच्या धामधुमीत, तेथे प्लेग शिरला. माणसे मरू लागली तेव्हा गावाने नवस केला: साथ थांबली तर दर दहा वर्षांनी आम्ही प्रभूच्या दुःखसहनाचा खेळ करू. आपल्याकडे पटकी-देवीच्या साथीत गावे जसा नवस बोलत तसाच हा. त्यानंतर गावात प्लेगने कोणी दगावले नाही अशी तेथील श्रद्धा आहे. पहिला खेळ १६३४ मध्ये झाला, तोही दफनभूमीत, प्लेगने गेलेल्यांच्या थडग्यांवर फळ्या टाकून. मला वाटते, ज्यांच्यासाठी नवस केला त्यांच्या उशाशीच तो फेडणे यात त्या गावकऱ्यांची समज दिसते. १६८० पासून शून्यावर संपणाऱ्या वर्षी खेळ करण्याची चाल पडली. १७७० मध्ये राज्यकर्त्याने असल्या नाटकांवर बंदी घातली, तेव्हा खेळ झाला नाही. पुढच्या खेपेला गावाने परवानगी मिळवली. १९४० मध्ये महायुद्धामुळे तो झाला नाही. २०२० चा खेळ करोनामुळे दोन वर्षे पुढे गेला. प्लेगच्या नवसाचे नाटक साथीनेच लांबवावे, यावर तेथील म्हाताऱ्यांनी काय म्हटले असेल कोण जाणे.

या नाटकात गावाबाहेरचा नट चालत नाही. त्या गावी जन्मलेला किंवा वीस वर्षे तेथे राहिलेला माणूसच भाग घेऊ शकतो. आदल्या वर्षीच्या राखेच्या बुधवारी फलक लागतो, की आजपासून सर्वांनी केस आणि दाढी वाढवावी; रोमन शिपायांना तेवढी सूट. सुतार, हॉटेलवाले, शाळामास्तर असे सगळे वर्षभर जटा वाढवून हिंडतात. २०२२ मध्ये बेचाळिसावा खेळ झाला. दीड हजाराहून अधिक गावकरी रंगमंचावर होते, शंभरावर प्रयोग झाले आणि चार लाखांवर प्रेक्षक आले. एक प्रयोग सुमारे पाच तासांचा, मध्ये जेवणाची सुट्टी. आमच्या मैदानावर पन्नास मिनिटांत आटोपावे लागते, कारण पुढे सेकंड शिफ्टची बस असते.

परंतु एवढे कौतुक करून थांबले तर ते अर्धेच सांगणे होईल. या नाटकाने एक मोठे पापही केले. येशू स्वतः यहुदी, त्याची आई यहुदी, बाराही शिष्य यहुदी. तरीही शतकानुशतके अशा नाटकांत 'यहुद्यांनी येशूला मारले' असे ठसवले गेले. यहुदी पुरोहितांना विचित्र शिरोभूषणे घालून दुष्ट दाखवत आणि रोमन पिलाताला मात्र बिचारा ठरवत. मत्तयच्या शुभवर्तमानात एक वाक्य आहे, त्यात जमाव येशूच्या रक्ताचा दोष आपल्या व आपल्या मुलाबाळांच्या माथी घेतो. ते वाक्य रंगमंचावर गर्जून म्हटले जाई. युरोपात अनेक गावी असे खेळ पाहून लोक यहुद्यांच्या वस्त्यांवर चालून जात. १९३४ मध्ये ओबरामरगाऊच्या तीनशेव्या वर्षाच्या खेळाला हिटलर स्वतः हजर होता. पुढे काय झाले हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट जाहीर केले, की येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट यहुदी लोकांवर लादता येणार नाही. गावाला हे पचायला वेळ लागला. ते वाक्य २००० सालच्या संहितेतून गेले. आता तेथे येशूला 'रब्बी' म्हणून हाक मारतात आणि तो हिब्रू भाषेत प्रार्थना करतो. विवाहित किंवा पस्तिशी उलटलेल्या स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती, ती १९९० मध्ये न्यायालयाच्या निकालाने उठली. २०२२ मध्ये यहूदाची भूमिका गावातल्याच एका मुसलमान तरुणाने केली. परंपरा म्हणजे न बदलणारी वस्तू, अशी माझी समजूत होती. ती येथे मोडली.

हे सगळे वाचून झाल्यावर मी खिन्न झाले. म्हणजे मैत्रीण म्हणाली तेच खरे. नवस त्यांचा, डोंगर त्यांचे, आमचा नुसता नकलेचा धंदा. या मनःस्थितीत असताना आमच्या सरांनी एक नाव सुचवले. ते आपण सर्वांनी वाङ्मयाच्या इतिहासात एका परिच्छेदापुरते वाचलेले असते आणि परीक्षा झाली की विसरतो: फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण.

टॉमस स्टीफन्स हा इंग्रज. १५४९ मध्ये विल्टशर परगण्यात जन्मला, येशूसंघात गेला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला. पुढची चाळीस वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, तो बहुतेक साष्टी भागात राहिला. त्याने कोकणी शिकली, कोकणीचे व्याकरण लिहिले आणि मराठी अशी आत्मसात केली की १६१६ मध्ये त्याचे मराठी पुराण छापून निघाले. ओबरामरगाऊचा पहिला खेळ होण्यापूर्वी अठरा वर्षे! तुकोबांचा जन्म १६०८ चा धरला तर देहूत ते तेव्हा आठ वर्षांचे असतील. एकनाथ महाराजांना जाऊन उणीपुरी सतरा वर्षे झाली होती.

ग्रंथ दोन भागांत आहे. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या कराराची कथा, छत्तीस अवस्वरांत. अवस्वर म्हणजे अध्याय. दुसऱ्या पुराणात येशूचा जन्म, शिकवण, दुःखसहन, मरण आणि पुनरुत्थान, एकोणसाठ अवस्वरांत. पहिल्यात ४१८१ आणि दुसऱ्यात ६७८१, मिळून १०,९६२ ओव्या. देवनागरी खिळे नव्हते म्हणून हे मराठी काव्य रोमन अक्षरांत छापले गेले. ओवी मात्र आपलीच: तीन चरणांना यमक आणि चौथा मोकळा. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या आपल्यापैकी पुष्कळांनी भाषणांत ऐकल्या असतील. पण त्या ज्या ग्रंथाच्या आरंभी येतात तो ग्रंथ पुढे कोठे जातो, हे सहसा कोणी सांगत नाही. तो कालवारीच्या टेकडीपर्यंत जातो.

हे पुराण लिहिण्याचे कारण स्वतः स्टीफन्सनेच ग्रंथात घातले आहे. एक ब्राह्मण श्रोता पाद्रीगुरूला विचारतो, की तुम्ही आमची जुनी पुराणे बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला ऐकायला मराठीत काही का देत नाही? हा प्रश्न वाचून मी बराच वेळ थांबले. पुराण हवे, कारण पुराण ऐकायची सवय आहे. आणि जुनी पुराणे बंद झाली होती, ती आपोआप नव्हे. साष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच येशूसंघीय धर्मगुरूंना ठार केले आणि मग पोर्तुगीजांनी तेथील गावप्रमुखांना बोलावून घेऊन मारले. हे रक्त बाजूला सारून ख्रिस्तपुराणाचे नुसते कौतुक करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. तरीही ज्या माणसांकडून इतके काही हिरावले गेले होते, त्यांनी नवी गोष्ट मागताना ती आपल्या भाषेत आणि आपल्या ओवीत मागितली. ग्रंथ स्टीफन्सचा असला तरी ती मागणी त्यांची होती.

कोणी म्हणेल, पुराण म्हणजे नाटक नव्हे. खरे आहे. पण आपल्या भागातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागू नये. आळंदीला पारायणास बसलेल्या बाया पाहा. वाचणारा एक असतो, पण प्रसंग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे घडत असतो. ख्रिस्तपुराण चर्चमध्ये सणावारी आणि रविवारी लोकांपुढे गायले जाई. उपवासकाळात घरोघरीही गात. पेत्राने तीनदा नाकारणे, यहूदाची तीस नाणी, पिलाताचे हात धुणे हे सर्व साष्टीतल्या शेतकऱ्याने प्रथम ऐकले ते ओवीत. माझ्या मते मराठीतील दुःखसहनाच्या खेळाचा पहिला प्रयोग हाच. नटांऐवजी त्याला एक गाणारा होता, इतकाच फरक.

मग तो थांबला कसा? १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि पोर्तुगीजांची पाचावर धारण बसली. पुढच्याच वर्षी, २७ जून १६८४ रोजी, व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. १७३६ च्या धर्मन्यायालयाच्या फर्मानाने तर लग्नातल्या ओव्यांसारखी गाणीही मना केली. बोली अशी हुकुमाने मरत नाही, ती मेलीही नाही. पण छापखाना आणि व्यासपीठ तिच्या हातून गेले. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या होत्या. त्या तिन्हींतील एकही छापील प्रत आज कोठे सापडत नाही.

गोव्याच्या जुन्या चर्चमध्ये उत्तम शुक्रवारचा विधी मोठ्या थाटाने चालूच राहिला. येशूची मूर्ती अशी घडवलेली असते की तिचे हात खांद्याच्या सांध्यात वळतात. खिळे काढून ती सावकाश क्रूसावरून उतरवतात, हात खाली येतात, आणि पांघरूण घालून मिरवणूक निघते. त्या दिवशी घंटा वाजत नाही, लाकडावर लाकूड आपटून आवाज करतात. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे ते दृश्य असते. पण गायनवृंद जे गाई ते लॅटिन. दृश्य राहिले आणि ओवी गेली, असे माझे मत झाले आहे.

ओवी पूर्णपणे गेली मात्र नाही. गोवा सोडून दक्षिणेस कारवार-मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या होत्या. छापील प्रत मिळत नसताना लोक हाताने उतरवून घेत आणि उपवासकाळात गात. अशाच हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी मंगळूरला आवृत्ती काढली, तीही रोमन लिपीत. त्यानंतर आपल्या संतकवींचे इंग्रजी भाषांतर करणारे जस्टिन अॅबट यांना लंडनच्या मार्सडेन संग्रहात देवनागरी हस्तलिखित आढळले. संपूर्ण ग्रंथ देवनागरीत छापून मराठी वाचकाच्या हाती आला तो १९५६ मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाने, आणि तो आपल्या पुण्यात. तीनशे चाळीस वर्षे एक मराठी काव्य मराठी लिपीत छापले जाण्याची वाट पाहत होते! प्रॉटेस्टंट परंपरेत रेव्ह. ना. वा. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभले आणि त्यांच्या हातून अपुरे राहिले ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, ही गोष्ट अधिक परिचित आहे. ते आमच्या कॅथलिक पंथाचे नसले तरी माझ्या आजीला टिळकांची गाणी पाठ आहेत. पंथांच्या भिंती गाण्यांना फारशा अडवत नाहीत.

आता आमच्या भागाकडे वळते. पुण्यात कॅथलिकांचे चर्च पेशवाईतच उभे राहिले. पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज व गोवेकर शिपाई होते. त्यांच्यासाठी सवाई माधवराव पेशव्यांनी जागा दिली आणि १७९२ मध्ये नाना पेठेत, क्वार्टर गेटाजवळचे 'सिटी चर्च' सुरू झाले. पिंपरी-चिंचवडला मात्र तेव्हा शेते होती आणि चिंचवडला मोरया गोसावींचे देवस्थान. आमची वस्ती कारखान्यांबरोबर आली. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, बजाज, आणि पुढे चाकण. कामाच्या शोधात नगर जिल्ह्यातून (आता अहिल्यानगर) आमच्यासारखे लोक आले, वसईहून आले, गोवा, केरळ, तमिळनाडूतून आले. त्यामुळे आमच्या चर्चमध्ये एका रविवारी तीन-चार भाषांत मिस्सा होतात. वेळापत्रक पाहिले तर रेल्वे स्थानकाची आठवण येते. मराठी मिस्साची वेळ एकदा बदलून गैरसोयीची झाली तेव्हा आमची म्हातारी मंडळी फार दुखावली होती. भाषा ही आमच्याकडे अशी वेळापत्रकात मोजली जाणारी वस्तू आहे.

आजीच्या लहानपणी सर्वत्रच मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकन परिषदेने लोकांच्या भाषेत उपासनेला मोकळीक दिली आणि त्यानंतर मराठी वेदीवर आली. आजी सांगते, "आधी फादर आमच्याकडं पाठ करून काय म्हणायचे ते देवालाच ठाऊक. आम्ही माळ ओढत बसायचो. मग एका वर्षी उत्तम शुक्रवारी सगळं मराठीत वाचलं. तेव्हा कळलं, की त्या शिमोनला वेठीला धरलं होतं."

हा शब्द मी नीट ऐकला नव्हता. मराठी बायबलात शिमोनाविषयी हाच शब्द आहे: वेठ. रोमन शिपायाला हक्क होता की रस्त्यावरच्या कोणालाही पकडून ओझे वाहायला लावावे. मजुरी नाही, नकार नाही. इंग्रजीत याचे भाषांतर 'भाग पाडले' अशा अर्थाच्या शब्दाने होते. मराठीत मात्र त्यातून एक संपूर्ण व्यवस्था उभी राहते. आजीचे वडील गावचे येसकर होते. ख्रिस्ती झाले तरी गावाने काम सोडवले नव्हते. साहेब आला की त्याचे सामान पुढच्या गावापर्यंत वाहायचे, रात्री असो की पावसात. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये या वतनाविरुद्ध मुंबईच्या कौन्सिलात विधेयक मांडले होते. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यामुळे. आजीच्या कानाला 'वेठ' हा शब्द पडला तेव्हा शिमोन कुरेनेकर तिच्या गावचा झाला. मैत्रिणीला द्यायचे उत्तर मला येथे सापडले. खेळ कोठून आला हे खरे. पण तो ज्या शब्दात पोहोचला तो शब्द आमच्या घरात आधीपासून होता.

संहितेचे काम याच शब्दापासून सुरू केले. जुन्या संहितेत शिपाई म्हणे, "हे मनुष्या, तू इकडे ये व हा क्रूस उचल." हे संवाद पूर्वी कॅसेटवर आणि आता पेनड्राइव्हवर ध्वनिमुद्रित केलेले आहेत, नट नुसते ओठ हलवतात. हमरस्त्यावरचे ट्रक ओरडत असतात आणि ऐन वेळी कोणाची पाळी बदलते, तेव्हा ही सोय गैर नाही. मी शिपायाचे वाक्य बदलून "ए, इकडं ये. उचल." एवढेच केले आणि शिपायांचे व जमावाचे संवाद प्रत्यक्ष बोलावेत असा आग्रह धरला. निवेदन मुद्रित राहील. मंडळाने पुष्कळ चर्चेनंतर मान्य केले.

दुसरा वाद रक्ताच्या त्या वाक्यावरून झाला. ते मी गाळले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "शुभवर्तमानात आहे ते गाळणारी तू कोण?" मी म्हटले, उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये नेहमी योहानचा वृत्तान्त वाचतात आणि योहानमध्ये हे वाक्य नाही. त्यांनी शांतपणे उत्तर दिले, "योहानमध्ये शिमोनही नाही. मग तुझ्या वडिलांनाही काढ." मी गप्पच झाले. त्यांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. योहानच्या वृत्तान्तात येशू आपला क्रूस स्वतःच वाहतो. शेतावरून येणारा शिमोन मार्क आणि लूक सांगतात. येशूचा चेहरा पुसणारी वेरोनिका तर चारांपैकी एकाही शुभवर्तमानात नाही, ती लोकांच्या भक्तीतून आली. म्हणजे खेळ नेहमीच निवडून जुळवलेला असतो. काय निवडले याचा जाब मात्र निवडणाऱ्याने द्यावा. मी ओबरामरगाऊची हकीकत आणि १९६५ ची घोषणा सांगितली. फादरनी दुजोरा दिला. वाक्य गेले, शिमोन राहिला.

जमावाचे काय करायचे, हा माझा खरा पेच होता. शेवटी ठरवले, की मैदानावर वेगळा जमाव उभाच करायचा नाही. झगे नाहीत, दाढ्या नाहीत. पिलात प्रेक्षकांकडे पाहून विचारील आणि जे ओरडतील ते तेथे बसलेले लोक असतील; कंपनीच्या गणवेशातले, साडीतले, कॉलेजचे. हे आजीला सांगितले. ती म्हणाली, "मग मी तरी गप्पच बसणार." मी म्हटले, "बस की. जमावात गप्प बसणारेही असतात." त्यावर ती काही बोलली नाही, पण तिला ते रुचले नसावे.

बाबांसाठी मी एक वाक्य लिहिले होते. अकरा वर्षे माणूस मुकाट क्रूस वाहतो, त्याला एकदा तरी तोंड उघडू द्यावे असे मला वाटे. चांगले चार ओळींचे स्वगत होते. दोन रात्री जागून लिहिलेले. बाबांनी कागद घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला. "चांगलं लिहिलंस," ते म्हणाले, "पण वेठीला धरलेल्या माणसाला कोण बोलू देतं?"

मी स्वगत काढून टाकले. तालमी झावळ्यांच्या रविवारच्या आधी पंधरा दिवस, रात्री नऊनंतर, फर्स्ट शिफ्टवाल्यांच्या सोयीने सुरू होतील. क्रूसाची आडवी फळी गेल्या पावसाळ्यात फुगली आहे, ती बदलायची आहे. बाबांनी रजेचा अर्ज दिला आहे. मैत्रिणीला मी बोलावले आहे आणि पुढच्या रांगेत बसायला सांगितले आहे. पिलात प्रश्न विचारील तेव्हा तिलाही उत्तर द्यावे लागेल.